वाजवून पाहिलेला पंख

आमच्या घरात कुठलीही वस्तू वाजवून पाहिल्याशिवाय आत आली नाही. माझ्या बाबतीत निदान कपावर भागलं. महालिंग कुंभार मला बघायला आले तेव्हा चहाचा घोट घेण्याआधी त्यांनी कपाला टिचकी मारली आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "मामा, ह्यो कप बदला. ह्याला चीर हाय, दिसत न्हाई एवढंच." वडील खूश झाले, पोरगा पारखी आहे म्हणाले. मी तेव्हा नुकतीच हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागले होते, आणि मला हा माणूस थोडा वेडा वाटला. पुढे वडिलांचं आणि माझं, दोघांचंही म्हणणं खरं ठरलं.

माझे सासरे भट्टीतून निघालेलं प्रत्येक मडकं मधल्या बोटाच्या पेराने वाजवायचे. खणखणलं तर बाजारात, भद्द वाजलं तर खापरांच्या ढिगात. महालिंगांनी, म्हणजे ज्यांना पुढे सगळा माळ अण्णा म्हणायला लागला त्यांनी, चाक सोडलं पण वाजवणं सोडलं नाही. दंडोबाच्या डोंगरापलीकडे पवनचक्क्या होत्या. त्यांच्या पात्यांची दुरुस्ती करायची नोकरी त्यांना लागली. पाती काचेच्या धाग्यांच्या कापडाची आणि राळेची. दोराला लोंबकळत त्यावरून नाणं वाजवत जायचं. आत थर सुटला असेल तिथे आवाज भद्द येतो. बोटाच्या पेरापेक्षा नाण्याचा आवाज धारदार, म्हणून ते दहा रुपयांचं नाणं वापरायचे. पुढे नाणी व्यवहारातून गेली, तरी ते एक नाणं त्यांच्या खिशात राहिलं.

आमची लेक शर्वरी लहान असताना पवनचक्कीखाली उभी राहून म्हणाली, "अण्णा, हे पातं आपण विमानाला लावूया की." दुसरा बाप हसला असता. शर्वरीच्या बापाने माळावर शेड घातली.

त्या दिवसांत बॅटऱ्या हलक्या झाल्या होत्या आणि घरी बांधलेल्या दोन माणसांच्या विमानांना परवानगी मिळायला लागली होती. सुटे साहित्य यायचं, बाकी सगळं आपल्या हाताने करायचं. माळावर एक धावपट्टी होती आणि तिच्या कडेने शेड उभ्या राहिल्या. माझं तारुण्य राळेच्या वासात गेलं. फ्रीजमध्ये दह्याशेजारी राळ घट्ट करणाऱ्या औषधाचे डबे असायचे. पाहुण्यांसमोर मी एकदा कढीत चुकून भलताच डबा ओतणार होते. दिवाळीला नवी साडी मागितली की अण्णा म्हणायचे, "बाई, यंदा शेपटी पुरी करू, पुढल्या वर्षी साडी." शाळेतली पोरं मला बाई म्हणायची, तसंच हेही म्हणायचे. मी चिडायचे, आणि संध्याकाळी डबा घेऊन शेडवर जायचे. शर्वरी आणि ते दोघं पंखावर वाकलेले असायचे, केसांत पांढरी धूळ. खरं सांगायचं तर ते बघायला मला आवडायचं.

साच्यात थर देऊन पंख भरायची वेळ आली तेव्हा बाजारात जिवंत राळ आली.

ही राळ मी नववीच्या वर्गाला सांगितली असती तशी सांगते. काचेचं कापड आणि राळ यांचे थरावर थर दिले की पंख होतो. लाकडापेक्षा हलका आणि ताकदीला लोखंडाच्या तोडीचा. त्याचं दुखणं एकच. वापरात आतल्या आत बारीक चिरा पडतात आणि वरून दिसत नाहीत. या नव्या राळेत खसखशीहून बारीक कुप्या मिसळलेल्या होत्या आणि प्रत्येक कुपीत पातळ औषध होतं. चीर पुढे सरकते तेव्हा ती किंचाळते, आपल्या कानाला कळणार नाही इतक्या वरच्या पट्टीत. त्या आवाजाने आसपासच्या कुप्या फुटायच्या, औषध चिरेत उतरायचं आणि घट्ट व्हायचं. बोट कापल्यावर खपली धरते तसं. फरक एवढाच की बोटात रक्त पुन्हा तयार होतं आणि कुपी फुटते ती एकदाच.

ती बनवणारी कंपनी त्याच्याही पुढे गेली. जखम आपोआप भरणार असेल तर हाड जाड कशाला हवं? पंखाच्या मुळाशी, जिथे सगळा भार येतो तिथे, पूर्वीपेक्षा निम्मे थर द्यायचे ठरले. विमानं हलकी झाली, स्वस्त झाली. दरवर्षीची तपासणीही रद्द झाली. तिच्याऐवजी वैमानिकासमोर एक काटा आला. पंखात एकूण किती औषध शिल्लक आहे ते तो दाखवायचा. काटा हिरव्यात असला की उडायचं. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की पंख ठोकून तपासण्याची आता गरज नाही.

मी ते वाक्य अण्णांना वाचून दाखवलं.

"गरज न्हाई म्हटलंय," ते म्हणाले. "नको म्हटलेलं न्हाई."

आणि उड्डाणाआधी पंख वाजवायचाच, हा आमच्या शेडचा नियम झाला. आधी मूळ, मग मधला भाग, मग टोक, मग पुन्हा मूळ. मुळावर त्यांचा जीव जास्त. तिथे ते डोळे मिटून वाजवायचे.

शेजारची शेड इरफान मुजावरची होती. मिरजेचा दातांचा डॉक्टर, तिशीचा, सदा हसरा. त्याने तेच विमान, तीच राळ घेतली होती. अण्णांनी त्याला नाणं वाजवायला शिकवलं. आम्ही प्रत्येक पंख भरताना त्याच राळेची, त्याच कापडाची एक जादा फळी करून ठेवायचो, हातभर लांबीची. पुढे शंका आली तर पंख कापावा लागू नये म्हणून. घरात तिला आम्ही साक्षीची वडी म्हणायचो. अशा दोन वड्या होत्या. एक लोखंडी पेटीत, फडक्यात गुंडाळलेली. दुसरी शेडच्या दारात दोरीने टांगलेली, देवळातल्या घंटेसारखी. येणारा जाणारा तिच्यावर नाणं वाजवायचा आणि अण्णा त्याचा कान तयार करायचे.

"आमच्याकडेही हेच आहे, अण्णा," इरफान म्हणायचा. "दातावर हळूच ठोकायचं. पेशंट ओरडला की आत बिघडलंय."

"माझा पेशंट वरडत न्हाई, तेवढं बरं हाय."

इरफान अण्णांपेक्षाही नेमाचा निघाला. उडण्याआधी वाजवायचा, उतरल्यावर वाजवायचा. रविवारी उडायचं नसलं तरी येऊन वाजवून जायचा. आणि गंमत अशी की पंखांचा आवाज दरवर्षी सुधारत होता. "बघ, मुरायलाय पंख," अण्णा म्हणायचे. "गेल्या सालापरास खणखणीत." दोघं मान हलवायचे, गाण्याच्या बैठकीत बसल्यासारखे.

या दोन शेडींमध्ये शर्वरीची ये-जा वाढली होती. ती सांगलीत ड्रोन दुरुस्तीचं दुकान चालवायची आणि शनिवारी माळावर यायची. ती आणि इरफान एका थंडीत रजिस्टर लग्न करणार होते. मी थोडं तोंड फुगवलं, लोक काय म्हणतील वगैरे. मग इरफानने माझी दुखरी दाढ काढली, एक पैसा घेतला नाही आणि वर म्हणाला, "आई, आता निदान चावून बोला." त्यावर मला रुसून बसता येईना.

दसऱ्यानंतरच्या एका दुपारी इरफान एकटा उडाला. शर्वरी धावपट्टीवर उभी होती. त्याने पंख वाजवून घेतला होता, काटा हिरव्यात होता. माळावरून तो नेहमीसारखा डावीकडे वळला आणि वळता वळता डावा पंख मुळातून दुमडला. शर्वरी सांगते, आवाज मोठा नव्हता, सुपारी फुटल्यासारखा होता. विमान पडलं, बॅटरी पेटली आणि पंख, काटा, इरफान सगळं जळून गेलं.

चौकशी समिती आली. त्यांचा हिशेब सरळ होता. उडण्याआधी काट्याने साठा भरपूर दाखवला, म्हणून पंख निर्दोष. पंख निर्दोष, म्हणून चूक माणसाची. वैमानिकाने मर्यादेपेक्षा जोराने वळण घेतलं, असा निष्कर्ष निघाला. वर्तमानपत्रात बेफिकीर हा शब्द आला.

इरफानची आई शमीमभाभी आमच्या शेडवर आली. मुलाची शेड उघडायची तिची हिंमत झाली नाही, आमच्याच दारातल्या बाकावर बसली.

"तुम्ही त्याला शिकवलं," ती अण्णांना म्हणाली. "तुम्हालाच विचारते. माझं पोरगं बेफिकीर होतं का?"

"न्हाई, भाभी."

"मग ते तसं का लिहितात?"

 उत्तर शर्वरीने दिलं. "अम्मी, ते वळण साधं होतं. मी पाहिलंय. मी सिद्ध करून दाखवते."

तिने समितीला लिहिलं. आमचं विमान त्याच साच्यातलं, त्याच राळेचं. त्यात मोजमापाचं यंत्र बसवून ती तेच वळण त्याच वेगाने घेऊन दाखवणार होती. पंखावर किती भार येतो ते आकड्यात दिसलं असतं आणि समितीला अहवाल बदलावा लागला असता. समितीने एक अधिकारी पाठवायचं कबूल केलं. मी तिला अडवू शकले नाही. इरफान गेल्यापासून ती पहिल्यांदा धड जेवत होती.

अण्णांनी मात्र अडवायला सुरुवात केली. आधी म्हणाले, चाकाचा ब्रेक धरत नाही. मग म्हणाले, वारा ठीक नाही. शर्वरी एकेक निमित्त निस्तरत गेली. तिला वाटलं, बापाचा जीव घाबरलाय. मलाही तेच वाटलं.

एका सकाळी मी डबा घेऊन गेले तर अण्णा शेडमध्ये जमिनीवर बसले होते. दोन्ही वड्या समोर, एक दारातली आणि एक पेटीतली. हातात जांभळ्या उजेडाची बॅटरी. राळ भरताना कुप्या सगळीकडे सारख्या पसरल्यात का ते बघायला कंपनीने ती दिली होती. भरलेली कुपी त्या उजेडात हिरवट चमकते, फुटलेली चमकत नाही.

"दार लाव," ते म्हणाले.

मी दार लावलं. त्यांनी दोन्ही वड्या मधोमध करवतीने कापल्या होत्या. पेटीतल्या वडीच्या कापावर उजेड टाकला. ओल्या शेवाळासारखी ती सगळी चमकली. मग दारातली. तिच्या कडा चमकत होत्या. मध्यभागी, जिथे इतकी वर्षं सगळ्यांनी नाणं वाजवलं, तिथे वरच्या थरापासून तळापर्यंत काळं होतं.

मी विज्ञान शिकवलेलं आहे. मला समजायला वेळ लागायला नको होता, तरी लागला. चिरेची किंकाळी आणि नाण्याचा टणत्कार. आपल्या कानाला दोन वेगळे आवाज, पण धातू कडक वस्तूवर आपटला की त्यातही ती वरची पट्टी असते. कुपीला फरक कळत नव्हता. नाणं वाजलं की तिला वाटायचं, चीर आली. ती फुटायची, औषध जागच्या जागी सुकायचं. प्रत्येक वेळी थोड्याच, पण त्याच जागी, वर्षानुवर्षं. सुकलेलं औषध कडक असतं, म्हणून आवाज सुधारत होता. आणि काटा सगळ्या पंखाचा मिळून साठा सांगायचा. मुळाची वीतभर जागा रिकामी झाली तरी त्याचा हिरवा ढळत नव्हता.

"तुमचे वडील बोटाने वाजवायचे," मी म्हणाले. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. "बोटात तो आवाज नसतो."

"नाणं माझं," अण्णा म्हणाले. "सुधारणा केली मी."

त्यांनी डोक्यावर हात मारून घेतला नाही, रडले नाहीत. दोन्ही वड्या फडक्यात गुंडाळल्या आणि म्हणाले, "पोरीला बोलव."

शर्वरीने वड्या पाहिल्या. नीट, उलटसुलट करून पाहिल्या. माझ्यासारखा वेळ तिला लागला नाही.

"ही दारातली वडी सगळ्या माळाने वाजवलीय," ती म्हणाली. "पंख फक्त तुम्ही वाजवलाय. तोही इतका मोठा. वडीचं झालं ते पंखाचं झालं असेलच असं नाही."

"मुळाला मी लई वाजवलंय."

"इतकी वर्षं विमान उडतंय की. मागच्या महिन्यात मीच उडवलं."

"इरफानचंबी उडत हुतं."

तिने वडी फडक्यावर ठेवली. मग म्हणाली, "अण्णा, मी उडू नये म्हणून तुम्ही ब्रेक बिघडवला. वारा बिघडवला. आता हे. मी कुठल्यावर विश्वास ठेवू?"

"वरनं बॅटरी मारून कळत न्हाई. मूळ कापून बघाय लागंल."

"कापलं की विमान संपलं. मग अम्मीला काय दाखवू? अहवाल तसाच राहील. इरफान तसाच राहील." तिने डोळे पुसले, रागानेच. "उद्या तो अधिकारी येतोय. मी उडणार आहे. उतरल्यावर काय ते कापा."

ती गेल्यावर अण्णा मला म्हणाले, "बाई, तुला उमगलं का, मी कशाला भितोय?"

"पोरीच्या जिवाला."

"त्याला तर हायच. पर कापल्यावर आत उजेड दिसला, तर मी तिचं इमान फुकट मोडलं. ती माझं तोंड बघणार न्हाई. आणि काळं दिसलं—" ते थांबले. "काळं दिसलं तर ती वाचली. आणि इरफानला मी मारलं."

मी देवाचं फारसं करत नाही. त्या दिवशी मात्र घरी जाऊन देव्हाऱ्यापुढे बसले आणि मागितलं, की आमचं कापणं फुकट जाऊ दे, पंख आतून लख्ख असू दे, पोरीने जन्मभर आम्हाला शिव्या दिल्या तरी चालतील. असलं मागणं त्या देवाने पहिल्यांदाच ऐकलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्वरी शेडवर आली तेव्हा अण्णा आधीच विमानाजवळ उभे होते. हातात ग्राइंडर, तोंडाला फडकं. डाव्या पंखाच्या मुळावर त्यांनी खडूने रेघ ओढली होती.

"अण्णा, नको," ती म्हणाली.

"बाजूला हो."

"तुम्ही मला शब्द दिला होता. लहानपणी. ह्याच्यातून तू उडशील म्हणाला होतात."

"व्हय," ते म्हणाले आणि ग्राइंडर चालू केला.

मी त्यांचे हात खूप वर्षं पाहिलेत. थर देताना एक बुडबुडा राहिला तर सगळं कापड सोलून पुन्हा घालणारे हात. तेच हात आता पंख कापत होते, आणि तितक्याच सफाईने. पांढरा धुरळा उडत होता. शर्वरी धावली नाही, ओढाओढ केली नाही. खाली वाकून ती चाकाला टेकून बसली आणि तिने कान झाकून घेतले.

काप उघडा पडला. शेडमध्ये पत्र्याच्या फटींतून ऊन येत होतं, त्यात काही दिसलं नसतं. मी बाकावरची सोलापुरी चादर आणली. शर्वरी लहान असताना थंडीत आम्ही तिला मध्ये घेऊन याच चादरीखाली बसायचो आणि गोष्टी सांगायचो. ती चादर आम्ही पंखावर आणि आमच्या डोक्यांवरून घेतली. तिघांची डोकी जवळ आली. शर्वरीने बॅटरी लावली.

मुळाशी काळं होतं. वरच्या थरात काळं, मधल्या थरात काळं. आणि त्या काळ्यात एक बारीक रेघ होती, वीतभर आत गेलेली, न भरलेली चीर. पंखाच्या टोकाकडच्या बाजूला दूरवर हिरवं चमकत होतं.

"आज वळले असते तर?" शर्वरीने विचारलं.

"गेली असतीस."

चादरीखाली राळेचा वास कोंडला होता. 

"म्हणजे इरफानने जोरात वळण घेतलं नव्हतं."

"न्हाई."

"आणि पंख वाजवायला त्याला तुम्ही शिकवलं."

"व्हय."

तिने बॅटरी बंद केली. आम्ही तिघं तसेच अंधारात उभे राहिलो. चादर बाजूला करायचं धैर्य कुणालाच होईना. शेवटी बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला, तेव्हा ती मी काढली.

समितीचा अधिकारी तरुण होता, सभ्य होता. त्याने काप पाहिला, वड्या पाहिल्या, फोटो काढले. म्हणाला, "काका, तुमचं म्हणणं मी वर कळवतो." वरून काय झालं ते महिन्याभरात कळलं. अहवालातलं जोराचं वळण गेलं आणि त्याजागी 'मालकाने केलेली चुकीची देखभाल' आली. हाड बारीक कुणी केलं, तपासणी कुणी काढली, याबद्दल त्यात ओळही नव्हती. पुस्तिकेत मात्र एक वाक्य वाढलं, की पंख ठोकू नये.

त्याआधी अण्णा मिरजेला गेले होते. मी सोबत गेले, कारण एकट्याने त्यांना रस्ता ओलांडता येईल की नाही याची मला खात्री नव्हती. शमीमभाभीने दार उघडलं. अण्णांनी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं. नाणं, कुप्या, वडी, पंख. काही लपवलं नाही आणि माफीही मागितली नाही. मागायची कशी, हेच त्यांना कळत नव्हतं.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे तो बेफिकीर नव्हता," ती म्हणाली.

"माझ्यापरास जास्त काळजी घ्यायचा. आला की वाजवायचा."

"काळजीनेच गेला मग."

अण्णा मान खाली घालून उभे होते. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं, आत कुणीतरी झोपलेलं असावं तसं.

शर्वरीने सांगलीचं दुकान दुसऱ्याला दिलं आणि चेन्नईला नोकरी धरली. जाताना माझ्या पाया पडली. अण्णा अंगणात होते. त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली, हात पुढे केल्यासारखा केला आणि बॅग उचलली. ती मला फोन करते. माझी साखर विचारते, दाढ विचारते. "घरी सगळे बरे आहेत ना," असंही विचारते. सगळे म्हणजे कोण, ते दोघींनाही माहीत असतं. मी बरे आहेत म्हणते. तिने त्यांना दोष दिला असता, चार शब्द सुनावले असते, तर मला बरं वाटलं असतं. ती तसं करत नाही. बापाने तिचा जीव वाचवलाय, आणि तिला तो जीव परत त्याच्या तोंडावर फेकताही येत नाही आणि त्याबद्दल त्याला जवळही घेता येत नाही.

शेड आम्ही बंद केली. ते नाणं कुठे गेलं ते मी विचारलं नाही. अण्णा आता कशालाच हात लावून बघत नाहीत. नारळ आणला तर हलवून बघत नाहीत, कलिंगड दुकानदार देईल ते घेतात. भांडं पडून वाजलं की दचकतात.

यंदा ऊन लवकर तापलं. परवा अण्णा बाजारातून नवा माठ घेऊन आले. कुंभाराच्या घरात माठ विकत येतो, त्यालाही आता वर्षं झाली. त्यांनी तो धुतला, तिवईवर ठेवला आणि पाण्याने भरला. मी स्वयंपाकघरातून बघत होते. खांद्यावरून आणून तिवईवर ठेवेपर्यंत त्यांचं बोट एकदाही माठाकडे गेलं नाही.

नवा माठ पाझरतोच, ते वेगळं. हा गळत होता. पोटाला आडवी चीर होती, तिच्यातून धार लागली होती आणि फरशीवरून पाणी त्यांच्या पायापर्यंत आलं होतं. ते खुर्चीत बसून त्या पाण्याकडे बघत होते. एका टिचकीत कळलं असतं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मी आतून परात आणली आणि माठाखाली ठेवली.